टेपचं दुसरं टोक

जुना रिपोर्ट चार पानी होता.
पहिल्या पानावर मालकाचं नाव,
शेवटच्या पानावर माझा शिक्का,
मधे घर.
फी पंधराशे, टीडीएस कापून साडेतेराशे.

एक तारखेपासून एकतीस पानी.
बँकेचे हुबळीचे साहेब फोनवर कानडीत म्हणाले,
नमुना नवा आहे, सगळ्यांना सारखाच.
मी कानडीतच विचारलं, आणि फी?
तेवढ्यात फोन कटला, की कापला,
गणेशपूरला रेंजही कमीच असते म्हणा.

दिवसाला चार घरं व्हायची. आता एक.
तेही दिवे लागेपर्यंत.

आज वडगावात, निर्मला ढवळ्यांचं.
तीस बाय चाळीसची जागा, खाली माग,
मागावर रात्रपाळीची साडी तशीच अर्धी,
वर स्लॅब टाकायचा, म्हणून कर्ज.
खरेदीखत कानडीत, आजेसासऱ्यांच्या अंगठ्यासकट.
चतुःसीमा:
पश्चिमेला रस्ता, उत्तरेला कडोलकर,
दक्षिणेला बोळ,
पूर्वेला चिंच.

चिंच नाही.
शेजारचे म्हणाले, होती. दुसरे म्हणाले, विहीर होती.
नमुन्यात पूर्वेच्या रकान्यात फक्त आकडे बसतात.
मी सिटीएस नंबर घातला.
झाडाचं काय करायचं ते कुणी कळवलेलं नाही.

पान नऊ: लिफ्ट आहे काय.
पान अकरा: पूररेषेपासून अंतर.
पान चौदा: शेजारचे तीन व्यवहार, दस्त क्रमांकासह.
दस्तात अकरा लाख, हातात चोवीस,
आणि मी सही करायची बाजारभावाखाली.
पान सतरा ते चोवीस फोटो,
प्रत्येकावर पंधरा अंश, चौऱ्याहत्तर अंश,
मोरीच्या फोटोवरसुद्धा.
मोरीत बाई बादली लपवत होत्या.

मागाला रकाना नाही.
जमिनीत पुरलेले चार पाय,
बांधकाम म्हणू की सामान?
"इतर" मध्ये टाकला.

चहा देताना त्यांनी विचारलं, किती पडणार?
मी म्हटलं, पस्तीसशे. मिळाले तर.
बँक तुमच्या खात्यातून कापणार.
"नणंदेच्या घराला पंधराशेच घेतलं होतं की वो."
मी पिशवीतून नमुना काढून जाडी दाखवली.
बाईंनी हात लावला नाही.
"घर तेवढंच हाय की.
पानं वाढवली म्हणून घर वाढतंय होय?"

मी चहा संपवला. साखर जास्त होती.

नव्या नियमात माप लेसरनं घ्यायचं.
अकरा हजाराचं यंत्र, सहा हप्त्यांत.
ते खिशात आहे हे कल्लाप्पाला सांगितलेलं नाही.
एकोणीस वर्षं तो टेपचं शून्याचं टोक धरतो,
घरामागे तीनशे आणि एक भजी-पाव.
किती सासवा, किती कुत्री, किती भिंतींचा ओलावा
त्याच्या अंगठ्याखालून गेला.
मी आकडा ओरडतो, तो म्हणतो, हां.
फक्त हां. पण ते असतं.

मागाच्या खोलीत मी यंत्र काढलं.
सवयीनं तो समोरच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला,
हात टेपसाठी पुढे.
लाल ठिपका त्याच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीवर पडला.
हवेत कापसाची पूड, त्यातून रेघ दिसत होती,
माझ्यापासून त्याच्यापर्यंत,
बारीक, टेपपेक्षा सरळ.

पडद्यावर आलं: चार पूर्णांक बारा.
भिंत चार पूर्णांक एकेचाळीसला असणार.

कल्लाप्पानं ठिपक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"सरकू काय, सर?"

माग चालू झाला होता,
मला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं.
आकडा मी लगेच पुसला नाही.